इन्सुलिन टोचायला शिकताना चिडचिड होते? हे करून पाहा

काष्टीच्या बाजारात अंगावर येणारा बैल सहज आवरणारी माणसेही इन्सुलिनची बारीक सुई पाहून बिचकतात. ‘मला हे जमणार नाही’ म्हणत सिरिंज बाजूला ठेवतात. यात लाजण्यासारखे काही नाही. पण वैतागून डोस चुकवला तर साखर वाढते. टाइप १ मधुमेहात तर ते जिवावर बेतू शकते.

चिडचिड का होते?

इन्सुलिन घेणे हे एक काम वाटते, पण त्यात अनेक कामे असतात : साखर तपासणे, युनिट मोजून भरणे, हवेचे बुडबुडे काढणे, जागा निवडणे, टोचणे. सगळे एकाच दिवशी शिकायला गेले की गोंधळ उडतो आणि हात थरथरतो. खुद्द इन्सुलिनचेही पहिल्या फटक्यात जमले नव्हते. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत १४ वर्षांच्या मुलाला दिलेल्या पहिल्या इंजेक्शनचा फारसा उपयोग झाला नाही. औषध अधिक शुद्ध करून २३ जानेवारीला पुन्हा दिले, तेव्हा गुण आला.

शिकताना काय करावे?

- एका वेळी एकच पायरी शिका. वेगळ्या सिरिंजमध्ये साधे पाणी भरून युनिट मोजण्याचा सराव करा. ती सिरिंज टोचण्यासाठी वापरू नका. हात बसेपर्यंत डोस नर्सकडून किंवा घरातल्या शिकलेल्या माणसाकडून घ्या.
- बाटलीवर ४० लिहिले असेल तर लाल झाकणाची ४० ची सिरिंज, १०० असेल तर केशरी झाकणाची १०० ची. अदलाबदल झाली तर डोस चुकतो.
- पोटावर बेंबीपासून दोन इंच जागा सोडून टोचा. दर वेळी जागा बोटभर बदला. औषध आत गेल्यावर दहा अंक मोजून सुई काढा.
- वैताग आला तर सिरिंज खाली ठेवा, पाच मिनिटे शांत बसा, मग पुन्हा सुरू करा.

ही चिडचिड साखर कमी झाल्याची तर नाही?

अचानक राग, घाम, थरथर, छातीत धडधड ही साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. लगेच तपासा. ७० पेक्षा कमी असेल तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, ताबडतोब दवाखान्यात न्या.

घरच्यांसाठी

‘एवढे साधे जमत नाही?’ असे म्हणू नका. हातातून सिरिंज ओढून घेऊ नका. शेजारी बसा, युनिट बरोबर आहेत का ते पाहा आणि जे जमले ते बोलून दाखवा.

डॉक्टरांना केव्हा सांगावे?

डोस वारंवार चुकत असेल, नजर किंवा हात साथ देत नसेल, तर सांगा. पेनसारखा सोपा पर्याय असू शकतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, झोप-भूक उडाली असेल, तर तेही लपवू नका. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.