टाचेखालचा हात

डावा पाय ओढत आलेली बाई टेबलावर उताणी झोपली, की मी तिच्या डाव्या टाचेखाली हात ठेवतो. “ताई, टाच खाली दाबा.” दाब येत नाही. मग उजव्या मांडीवर दुसरा हात ठेवून म्हणतो, “आता हा पाय वर उचला, मी अडवतोय.” ती उजव्या पायाला जोर लावते आणि त्याच वेळी डावी टाच माझ्या तळहातावर घट्ट दाबली जाते. पायात ताकद आहे, पण मुद्दाम वापरायला गेलं की ती हाती लागत नाही. चार्ल्स हूवर या अमेरिकन डॉक्टरांनी १९०८ मध्ये नोंदवलेली ही खूण.

“एमआरआय नॉर्मल, म्हणजे मनाचं” हे निदान नव्हे. फंक्शनल न्यूरोलॉजिकल डिसऑर्डरचं निदान अशा खुणांवर उभं राहतं. हात थरथरत असेल, तर दुसऱ्या हातानं ठरावीक लयीत चुटकी वाजवायला सांगतो. थरथर थांबते किंवा तीच लय पकडते. झटके येत असतील, तर त्या वेळी डोळे घट्ट मिटलेले होते का, हे नातेवाइकांच्या मोबाइलमधल्या चित्रीकरणात पाहतो. शंका असेल तर व्हिडिओ-ईईजी करून घेतो. तरीही एकाच खुणेवर विसंबत नाही. कंबर दुखत असेल तर हूवरची खूण फसवू शकते, आणि अशा झटक्यांच्या जोडीला खरा अपस्मारही असू शकतो.

घरचं विचारताना सासू-नवऱ्याला बाहेर बसवतो. ती जे सांगेल, ते तिच्याच शब्दांत आणि तिला चालेल तेवढंच लिहितो. तेच कारण, असा शिक्का मारत नाही. कुणाला मोठा ताण असतो, कुणाचं दुखणं साध्या दुखापतीनंतर सुरू होतं, कुणाला काहीच आठवत नाही. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेनं या निदानासाठी मानसिक ताण सापडण्याची अट काढून टाकली, ती याचसाठी.

केसपेपरवर ‘हिस्टेरिया’ किंवा ‘नाटक करते’ लिहिलं, की रात्री कॅज्युअल्टीत पुढचा डॉक्टर तपासण्याआधीच मत बनवतो. म्हणून काय केलं, काय दिसलं, कोणत्या बाजूला, हे सगळं लिहितो. दुसरा आजार कशावरून नाही, आणि काय झालं तर पुन्हा तपासायचं, हेही.

मग तीच चाचणी तिला दाखवण्यासाठी पुन्हा करतो. “बघा, लक्ष उजव्या पायाकडे होतं, तेव्हा डाव्यानं जोर लावला. नसा शाबूत आहेत. मेंदूकडून पायाला जाणारा हुकूम अडतोय. तुम्ही हे मुद्दाम करत नाही.” फिजिओथेरपिस्टही याच धाग्यावर काम करतात: लक्ष दुसरीकडे वळवून चालण्याचा सराव. गरजेप्रमाणे मानसोपचार जोडतो.

“तुम्हाला काही झालेलं नाही” हे वाक्य मात्र आमच्या ओपीडीत कुणी उच्चारू नये. तिचा पाय खरोखरच चालत नाही. आजाराचं नाव, त्याचा पुरावा आणि पुढची तारीख, या तिन्हींवर तिचा हक्क आहे.