चर्चभोवतीची जमीन कोणाची?

मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आली 1668 मध्ये. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच गव्हर्नर जेराल्ड आँजिए याने कोटात चर्च बांधायला घेतलं. भिंती 15 फुटांपर्यंत चढल्या, 1677 मध्ये आँजिए वारला आणि काम जे थांबलं ते जवळजवळ 40 वर्षं. पुढे रिचर्ड कॉब हा धर्मगुरू मुंबईत आला. तो लोकांच्या मागे लागला, त्याने वर्गणी जमवली आणि 1718 च्या नाताळात सेंट थॉमस चर्चचे दरवाजे उघडले. कोटाच्या पश्चिमेच्या दरवाज्याला याच चर्चवरून चर्चगेट म्हणू लागले. मुंबईतल्या मैलांच्या दगडांवरचं अंतरही इथूनच मोजलं जाई. त्यातले काही दगड आजही रस्त्याकडेला उभे आहेत.

या चर्चच्या शेजारी गेल्या 300 वर्षांत काय काय उभं राहिलं आणि काय पाडलं गेलं, ते पाहू लागलो की एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. जुन्या चर्चचं भलंबुरं शेजारच्या इमारतीच्या उंचीवर जितकं अवलंबून असतं, त्याहून जास्त ते भोवतालची जमीन कोणाच्या हातात होती आणि त्या मालकाला तिचं काय करायचं होतं, यावर ठरतं. मुंबईतली तीन चर्चं घेतली तरी हे दिसतं.

सेंट थॉमसच्या पूर्वेला तेव्हा मोकळं मैदान होतं, बॉम्बे ग्रीन. तिथे कापसाच्या गासड्यांच्या थप्प्या लागत. 1833 मध्ये मैदानाच्या टोकाला टाउन हॉल पुरा झाला. 1837 मध्ये चर्चला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला आणि लगोलग त्याचा मनोरा उंचावला गेला. 1844 मध्ये कापसाचा बाजार कुलाब्याला हलवल्यावर मात्र हे मैदान पोरकं झालं. धूळ, कचरा, पडून राहिलेलं सामान, अशी त्याची कळा होती.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि मुंबईत पैशाचा पूर आला. गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या कारकिर्दीत कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या. भिंतीबरोबर चर्चगेटही गेलं आणि त्या जागेवर फ्लोरा फाउंटन आलं. अशा वेळी शहराच्या मध्यावरचं मोकळं मैदान तुकडे पाडून विकायचं आणि प्रत्येकाने मनाला येईल तसं बांधायचं, हे सहज घडलं असतं. तसं घडलं नाही, याचं श्रेय चार्ल्स फोर्जेट या अधिकाऱ्याच्या कल्पनेला जातं. मधे गोल बाग, तिच्याभोवती वर्तुळात इमारती, सगळ्यांचं दर्शनी रूप एकसारखं आणि तळाशी कमानींचा सलग व्हरांडा. पालिकेने जमीन घेतली, आखणी केली आणि मगच भूखंड विकले. त्यात तिला नफाही झाला. 1870 च्या आसपास एल्फिन्स्टन सर्कल आकाराला आलं. स्वातंत्र्यानंतर त्याला ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव मिळालं.

मला ही मुंबईच्या नगररचनेतली फार मोठी घटना वाटते. त्या काळी हे सर्कल म्हणजे आधुनिक बांधकामच होतं, नव्या पैशाचं, बँकांचं आणि व्यापारी पेढ्यांचं. दीडशे वर्षांच्या चर्चशेजारी ते आलं, पण चर्चला त्याने झाकलं नाही. टाउन हॉलच्या पायऱ्यांवर उभं राहून पश्चिमेला पाहिलं की बाग, बागेच्या पलीकडे रस्ता आणि रस्त्याच्या कडेला मनोरा, ही नजरेची वाट त्या आखणीने राखली. उन्हापावसात चालणाऱ्याला सावली देणारे ते व्हरांडे आजही कारकुनांपासून वकिलांपर्यंत सगळ्यांच्या पायाखालचे आहेत.

कुलाब्याच्या टोकाला असलेल्या अफगाण चर्चची गोष्ट वेगळी आणि थोडक्यात सांगण्यासारखी आहे. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेलं हे चर्च 1858 मध्ये खुलं झालं, कळस त्यानंतर काही वर्षांनी चढला. समुद्रातून येणाऱ्या जहाजांना तो दुरून दिसे. भोवतालची जमीन लष्कराची होती आणि पुढेही संरक्षण खात्याकडेच राहिली. त्यामुळे दक्षिण मुंबईत जमिनीचे भाव आकाशाला भिडले तरी इथे बिल्डर शिरू शकला नाही. झाडं राहिली, मोकळीक राहिली. वारसा जपायचा म्हणून कोणी हे केलं नव्हतं, छावणीची शिस्त कामाला आली.

पुन्हा कोटात येऊ. 1970 च्या दशकात बॅकबेच्या भरावावर नरिमन पॉइंट उभा राहिला. 1974 ची एअर इंडियाची इमारत, तिच्या आजूबाजूचे काचेचे आणि काँक्रिटचे टॉवर, यांच्यावर टीका खूप झाली आणि ती रास्तही होती. तरी एक नोंद करायला हवी, की बड्या कंपन्यांची जागेची भूक तिकडे वळली म्हणून कोटावरचा दाब काही प्रमाणात हलका झाला. 1990 नंतर वांद्रे-कुर्ला संकुलाने आणखी भार घेतला. कोटात उंच इमारती आल्याच नाहीत असं मात्र नाही. दलाल स्ट्रीटवर 1980 मध्ये शेअर बाजाराचा 29 मजली फिरोज जीजीभॉय टॉवर झाला आणि त्याच सुमारास टांकसाळीशेजारी रिझर्व्ह बँकेची नवी इमारत. हॉर्निमन सर्कलच्या बागेतून सेंट थॉमसकडे पाहताना डावीकडे नजर उचलली की शेअर बाजार दिसतो. ज्या दलालांचे पूर्वज टाउन हॉलसमोरच्या वडाखाली सौदे करत, त्यांचंच हे घर. ते चर्चच्या अंगावर येत नाही, कारण मधे सर्कलने राखलेली मोकळी जागा आणि जुन्या इमारतींची सारखी उंची आहे.

1995 मध्ये मुंबईने वारसा वास्तूंसाठी नियमावली केली, देशातल्या कोणत्याही शहराच्या आधी. पहिल्या श्रेणीच्या वास्तूंच्या भोवती जे बांधलं जाईल त्याने त्या वास्तूची भव्यता किंवा तिथून दिसणारं दृश्य बिघडता कामा नये, हे तत्त्व त्यात आलं. एल्फिन्स्टन सर्कलच्या आखणीत जे विवेकाने झालं होतं, ते सव्वाशे वर्षांनी कायद्याच्या भाषेत उतरलं. सेंट थॉमसच्या जीर्णोद्धाराला 2004 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला, तेव्हा चर्चइतकंच त्याच्या परिसराचंही कौतुक व्हायला हवं होतं.

तिसरं चर्च दादरचं. गोखले रोडवरचं हे चर्च आवर लेडी ऑफ सॅल्व्हेशन, पण दादरकरांना ते पोर्तुगीज चर्च म्हणूनच ठाऊक. त्याची स्थापना 1596 ची, म्हणजे इंग्रजांच्या आधीची. इथे भोवतालची जमीन ना पालिकेने आखलेली, ना लष्कराची. चाळी, छोटे मालक, थोड्या अंतरावर गिरण्या, बाजूने सतत वाहणारी रहदारी. 1970 च्या दशकात जुन्या चर्चच्या जागी नवं बांधायचं ठरलं आणि ते काम चार्ल्स कोरिया यांच्याकडे आलं. शिरीष पटेल आणि प्रविणा मेहता यांच्यासह नवी मुंबईची कल्पना मांडणारे हेच कोरिया. मुंबई बेटावर गर्दीचं काय होणार आहे, याचा त्यांच्याइतका विचार केलेला वास्तुकार दुसरा नव्हता.

त्यांनी कळसाची स्पर्धा मांडलीच नाही. काही जागा छताखाली, काही आकाशाखाली, एकीतून दुसरीत जायचं, अशी अंगणांची आणि दालनांची साखळी त्यांनी रचली. मोठ्या दालनांवर काँक्रिटचे निमुळते होत जाणारे घुमट आहेत. गरम हवा त्यांच्या माथ्यातून धुराड्यासारखी वर निघून जाते आणि उजेड तिथूनच खाली येतो. जुनी ओळख पुसली म्हणून या इमारतीबद्दल हळहळणारे लोक आहेत, आणि जुनं चर्च गेलं याचं दुःख मलाही वाटतं. पण पुढच्या 50 वर्षांकडे पाहिलं तर कोरियांनी ओळखलेलं खरं ठरलं. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनींवर टॉवर आले, जुन्या उपकरप्राप्त चाळींच्या पुनर्विकासाला वाढीव चटईक्षेत्र मिळू लागलं आणि दादर-प्रभादेवीचं आकाश भरून गेलं. या गर्दीत एखादा सुंदर कळस केव्हाच हरवला असता. कोरियांचं चर्च आतल्या अंगणातून स्वतःचं आकाश घेतं, त्यामुळे शेजारी 20 मजले चढोत की 50, प्रार्थनेला आलेल्या माणसाचं फारसं बिघडत नाही.

पण हे भाग्य सगळ्यांच्या वाट्याला आलेलं नाही. गिरगाव, माझगाव, माहीम, वांद्रे इथली चर्चं, त्यांच्या पुढ्यातले क्रूस आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाच्या जुन्या वस्त्या भाव चढलेल्या खासगी जमिनींना लागून आहेत. वारसा यादी वास्तू वाचवते. तिच्या पुढ्यातली वाट, सणाच्या मिरवणुकीला लागणारा मोकळा तुकडा, कुंपणाबाहेरचं झाड हे यादीत येत नाही. गावठाण आणि चाळींच्या भागात एकेका भूखंडाचा प्रस्ताव सुटासुटा मंजूर होतो. पालिकेने 1860 च्या दशकात केलं तसं आधी भोवतालची आखणी करावी, चर्चपासून मोकळी राहायची जागा नकाशावर नक्की करावी आणि मग बिल्डरला किती चटईक्षेत्र कुठे द्यायचं ते ठरवावं. नफा तेव्हाही झाला होता.