मृत्युशय्येसमोरचे चित्र : बर्निनी आणि रक्ताचा सागर
रोममधील सेंट पीटर चर्चसमोरच्या भव्य स्तंभमालिकेचा रचनाकार जान लोरेन्झो बर्निनी याने वयाच्या सत्तरीत, 1669-70च्या सुमारास, कागदावर एक चित्र रेखाटले. त्यात क्रूसावरचा येशू अधांतरी आहे. खाली जमीन नाही, शोक करणारी गर्दी नाही. त्याच्या जखमांतून वाहणाऱ्या रक्ताचा सागर क्षितिजापर्यंत पसरला आहे. गुडघे टेकलेली मरिया ते रक्त हातांत झेलते आहे आणि वर पिता परमेश्वर बाहू पसरून आहे.

संगमरवराला मांसल मार्दव देणाऱ्या या शिल्पकाराने येथे केवळ रेषांवर भिस्त ठेवली, त्याला कारण होते. फ्रांस्वा स्पिएर याने ते चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरले आणि त्याचे ठसे निघाले. शिल्प पाहण्यासाठी भाविकाला चर्चमध्ये जावे लागते. छापील चित्र मात्र त्याच्या घरी येते. मार्टिन ल्यूथरनंतरच्या वादळात अनेक प्रोटेस्टंट पंथांनी चर्चमधील प्रतिमा हटवल्या होत्या. त्यावर ट्रेंटच्या धर्मपरिषदेने डिसेंबर 1563मध्ये निर्णय दिला : प्रतिमा राहतील, मात्र वंदन प्रतिमेला नसून तिने दाखवलेल्या व्यक्तीला असेल. बरोक काळातील कॅथलिक चित्रकला याच आधारावर उभी राहिली. पाहणाऱ्याला केवळ कथा समजून भागणार नव्हते, त्याचे मन हलायला हवे होते.

बर्निनीच्या बाबतीत हे मन त्याचे स्वतःचेच होते. ‘सुमरण’ लाभावे म्हणून तो वर्षानुवर्षे दर शुक्रवारी रोमच्या जेझू चर्चमधील प्रार्थनेला जात असे, असे त्याचे चरित्रकार सांगतात. (1614 साली गोव्याहून पाठवलेला सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा उजवा हात याच चर्चमध्ये आहे.) राजे आणि पोप यांच्यासाठी आयुष्यभर राबलेल्या या माणसाला अखेरीस आपल्या पापांचा हिशेब छळत होता. त्या सागरात ती बुडून जातील, ही त्याची आशा. रेखाटनावरून केलेले रंगचित्र त्याने शय्येसमोर लावून घेतले. अंतकाळी धर्मगुरू असलेला भाचा फ्रान्चेस्को मार्केसे त्याच्याशी बोलत असे. पुढे वाचा गेली, उजवा हात लुळा पडला. 28 नोव्हेंबर 1680 रोजी बर्निनीचे निधन झाले, तेव्हाही ते चित्र समोरच होते.