मृत्यूची वेळ आणि तापमापी

‘सी.आय.डी.’ या मालिकेतील डॉ. साळुंखे तुमच्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचे असतील. प्रेतावरून एक नजर फिरवली की ते मृत्यूची वेळ सांगून मोकळे होतात. हाच प्रश्न तुम्ही नांदेडच्या किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील न्यायवैद्यक विभागात विचारलात, तर असे चटकन उत्तर मिळणार नाही. मिळेल ते ‘साधारण इतक्या ते इतक्या तासांपूर्वी’ असे. हे का, ते पाहू. त्यासाठी वैद्यकाचे नव्हे, पदार्थविज्ञानाचे पुस्तक उघडावे लागते.

कपात चहा ओता. समजा, तो ८५ अंश सेल्सिअस आहे आणि खोलीचे तापमान २५ अंश. फरक झाला ६० अंशांचा. वीस मिनिटांत चहा ५५ अंशांवर आला, म्हणजे फरक निम्मा उरला. मग पुढच्या वीस मिनिटांत तो आणखी ३० अंश उतरेल का? नाही. उरलेल्या फरकाच्या निम्माच, म्हणजे १५ अंश उतरेल आणि ४० अंशांवर येईल. वस्तू आणि भोवताल यांच्या तापमानांतील फरक जितका मोठा, तितकी वस्तू लवकर निवते. न्यूटनने १७०१ साली मांडलेला हा शीतनाचा नियम होय. घरी तापमापी असेल तर आलेख काढून पाहा.

जिवंत माणसाचे तापमान सुमारे ३७ अंश असते. मृत्यूनंतर शरीरात उष्णता निर्माण होणे थांबते आणि तेही निवू लागते. परंतु शरीर म्हणजे चहाचा कप नव्हे. आतली उष्णता मांस व चरबीच्या थरांतून बाहेर यायला वेळ लागतो, त्यामुळे पहिले काही तास आतले तापमान फारसे हलतच नाही. अंगावर गोधडी होती की उघडे होते, वजन किती, वारा होता का, यांनीही फरक पडतो. जर्मनीतील हेन्सगे यांनी १९८८ साली वजन, कपडे, हवा हे सारे धरून एक कोष्टकवजा आलेख प्रसिद्ध केला. त्यातही उत्तम परिस्थितीत चूक दोन्ही बाजूंना २.८ तासांची धरावी लागते! म्हणजे साडेपाच तासांहून मोठी खिडकी.

आता आपल्या मराठवाड्याकडे या. थंड देशांतल्या जुन्या पुस्तकांत ‘शरीर तासाला दीड अंश फॅरनहाइट निवते’ असा ठोकताळा असे. डिसेंबरच्या रात्री लातुरात खोली १५ अंशांवर असेल तर त्याचा थोडाफार उपयोग. पण मे महिन्यात पत्र्याच्या घरात ४० अंश असतील तर? शरीर निवणार कसे? उष्णता उलट बाहेरून आत जाईल! म्हणून खोलीचे तापमान न नोंदवता नुसते शरीराचे लिहिले, तर त्या आकड्याला काडीची किंमत नाही. शिवाय पंचनामा होऊन प्रेत शवागारात पोहोचेपर्यंत पुष्कळदा इतका वेळ गेलेला असतो, की तापमापीला सांगण्यासारखे काही उरतच नाही.

मग डॉक्टर इतर खुणा पाहतात. रक्ताभिसरण थांबले की रक्त गुरुत्वाकर्षणाने खालच्या भागात उतरते आणि तेथे काळेनिळे चट्टे उमटतात. काही तासांनी ते पक्के होतात. प्रेत पालथे सापडले आणि पक्के चट्टे पाठीवर असले, तर ते नंतर कोणीतरी पालथे केले आहे, हे उघड आहे. स्नायूंचा ताठरपणा, पोटातले अन्न यांचीही साक्ष असते. एक नोंद बदलायची तर बाकीच्याही त्या मापाच्या कराव्या लागतात.

आणि बदला असे सांगणारे भेटतात. ग्रामीण रुग्णालयात जो डॉक्टर सकाळी ताप-खोकला तपासतो, बाळंतपण करतो, तोच दुपारी शवविच्छेदन करतो. त्याचे घर त्याच गावात, मुले त्याच शाळेत. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यातील फलटण येथे बीड जिल्ह्यातील एका तरुण सरकारी डॉक्टरचा मृत्यू झाला. तिच्यावर शवविच्छेदन अहवाल बदलण्यासाठी दबाव होता, असा आरोप नातेवाइकांनी केला. पुण्यात १९ मे २०२४ च्या कल्याणीनगर मोटार अपघातात, पोलिसांच्या तपासानुसार, ससून रुग्णालयात घेतलेला रक्ताचा नमुनाच बदलण्यात आला. औंधच्या रुग्णालयात घेतलेल्या दुसऱ्या नमुन्याशी त्याचा डी.एन.ए. जुळेना, तेव्हा प्रकरण फुटले.

दबाव टाळायचा सोपा उपाय म्हणजे अंतर, आणि तो मला कोणत्याही शपथेपेक्षा भरवशाचा वाटतो. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत न्यायालयीन कोठडीतील एका तरुणाचा मृत्यू झाला. शवविच्छेदन परभणीत न करता छत्रपती संभाजीनगरला करण्यात आले. श्वसनाच्या आजाराचे कारण पुढे केले जात होते. डॉक्टरांनी प्राथमिक मत लिहिले ते अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचे. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. कोठडीतील मृत्यूंच्या शवविच्छेदनाचे चित्रीकरण करावे, असे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९५ सालीच राज्यांना कळवले होते.

विषाचा संशय असला तर आणखी एक प्रवास घडतो. जठर, यकृत वगैरेंचे तुकडे, ज्याला ‘व्हिसेरा’ म्हणतात, मिठाच्या संपृक्त द्रावणात बरणीत ठेवतात. कैरीचे लोणचे ज्या कारणाने टिकते त्याच कारणाने ते टिकतात: मीठ जंतूंतले पाणी ओढून घेते. बरणीवर लाखेचे सील लावतात आणि त्या सीलचा नमुना ठसा सोबत स्वतंत्र पाठवतात. नांदेडच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतील रसायनतज्ज्ञाने मृताचे गाव कधी पाहिलेले नसते. बरणी उघडण्यापूर्वी तो दोन्ही ठसे शेजारी ठेवून पाहतो.