स्टाइनिट्झ विरुद्ध फॉन बार्डेलेबेन (१८९५)

विल्हेल्म स्टाइनिट्झ (पांढरी मोहरी) आणि कुर्ट फॉन बार्डेलेबेन (काळी मोहरी) यांच्यात इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे ऑगस्ट १८९५ मध्ये झालेला हा बुद्धिबळाचा डाव आहे. अखेरच्या हल्ल्यासाठी तो प्रसिद्ध आहे. तथापि त्यातील शेवटच्या चाली पटावर प्रत्यक्ष खेळल्या गेल्या नाहीत.

पार्श्वभूमी

स्पर्धेत २२ खेळाडू होते. पहिला अधिकृत जगज्जेता स्टाइनिट्झ १८९४ मध्ये इमॅन्युएल लास्करकडून पराभूत होऊन विजेतेपद गमावून बसला होता. बार्डेलेबेनने मात्र याच स्पर्धेत लास्करला हरवले होते.

डाव

प्रारंभ ज्युको पियानो (इटालियन) पद्धतीचा होता. पांढऱ्याने नवव्या चालीला किल्लेकोट केला. काळ्याचा राजा मात्र मध्यभागीच राहिला. ई७ घरावरील घोड्यावर पांढऱ्याच्या हत्तीचा व वजिराचा दाब असल्याने त्याला किल्लेकोट करता येईना. सोळाव्या चालीला काळ्याने सी६ वर प्यादे सरकवले. त्याऐवजी राजा एफ७ वर नेणे योग्य ठरले असते, असे विश्लेषकांचे मत आहे. सतराव्या चालीला स्टाइनिट्झने डी५ वर प्याद्याचा बळी दिला. त्यामुळे मोकळ्या झालेल्या डी४ घरातून त्याचा घोडा ई६ वर पोहोचला.

बाविसाव्या चालीला पांढऱ्या हत्तीने ई७ वरील घोडा मारून शह दिला. राजाने हत्ती घेतल्यास दुसरा हत्ती ई१ वरून शह देतो व राजा उघड्यावर सापडतो. वजिराने घेतल्यास सी८ वरील हत्ती जातो. काळ्याने राजा एफ८ वर नेला. आता पांढऱ्याचा वजीर, दोन्ही हत्ती व घोडा अशी चारही मोहरी माऱ्यात होती, शिवाय पहिल्या ओळीत मात होण्याचा धोका होता. तरीही हत्ती एफ७, जी७, एच७ असे सलग शह देत गेला आणि काळ्याला त्याला मारणे परवडेना.

शेवट

पंचविसाव्या चालीनंतर बार्डेलेबेन शरणागती न पत्करता सभागृहातून निघून गेला. घड्याळातील वेळ संपल्याने तो पराभूत ठरला. त्यानंतर स्टाइनिट्झने उपस्थितांना पुढील दहा चालींतील सक्तीची मात दाखवली. म्हणून डावाची नोंद पंचविसाव्या चालीवर थांबते. पुस्तकांत पुढील चाली विश्लेषण म्हणून जोडल्या जातात.

या डावास स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट डावाचे पारितोषिक मिळाले. स्पर्धा हॅरी पिल्सबरीने जिंकली. स्टाइनिट्झ पाचवा आला.