तीन ते सहा : दवाखान्याच्या नजरेआडची वर्षे

राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार मूल १६ ते २४ महिन्यांचे असताना त्याला त्रिगुणी लशीचा पहिला बूस्टर, म्हणजे आधी तयार झालेली प्रतिकारशक्ती पुन्हा बळकट करणारा डोस, दिला जातो आणि दुसरा बूस्टर थेट ५ ते ६ वर्षांच्या वयात येतो. मधल्या काळात दर सहा महिन्यांनी पाजायचे ‘अ’ जीवनसत्त्व आणि जंतनाशक गोळी वगळली, तर वरवर निरोगी दिसणाऱ्या मुलाला आरोग्यसेविकेपुढे नेण्याचे ठरलेले असे कारण कुटुंबापाशी उरत नाही. आणि नेमक्या याच काळात मूल वाक्यांत बोलू लागते, इतर मुलांत मिसळते, कल्पनेने खेळते आणि स्वतःचे स्वतः करू पाहते. बालरोग परिचर्येत ३ ते ६ वर्षांच्या या काळाला शाळापूर्व वय म्हणतात. या वयातील मूल आपणहून समोर येत नसल्यामुळे परिचारिकेला ते शोधून पाहावे लागते, आणि पाहायचे काय हे तिला आधी नेमके ठाऊक असावे लागते.

वसई-विरार परिसरातील सांडोरसारख्या गावात ही अडचण स्पष्ट होते. बंगली येथील कार्डिनल ग्रेशियस स्मारक रुग्णालय गावातच असल्यामुळे तापाने फणफणलेले किंवा जुलाबाने गळून गेलेले मूल उपचारांपर्यंत लवकर पोहोचू शकते. परंतु जे मूल आजारी नाही, पण साडेतीन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडून बोलत नाही, ते ‘याचा बापही उशिराच बोलायला लागला’ या समजुतीवर घरीच राहू शकते. आईवडील दोघेही लोकलने मुंबईकडे कामाला जाणार आणि मूल आजीपाशी किंवा पाळणाघरात राहणार, अशी या पट्ट्यातील कितीतरी घरांची घडी आहे. दिवसभर मुलासोबत असणारी व्यक्ती आणि त्याला दवाखान्यात आणणारी व्यक्ती अशा घरांत वेगळी असते, म्हणून मूल काय करते आणि काय करत नाही हे आजीला किंवा पाळणाघरातील ताईंनाही विचारल्याशिवाय परिचारिकेची माहिती पुरी होत नाही.

वाढ म्हणजे वजन, उंची, डोक्याचा घेर यांसारखा मोजता येणारा बदल, तर विकास म्हणजे चालणे, बोलणे, समजणे, वागणे या क्षमतांत होणारी प्रगती. वाढीसाठी आज वापरली जाणारी प्रमाणके जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केली आणि त्यांचा आधार असलेला अभ्यास १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत झाला. भारतातील मुले दक्षिण दिल्लीची होती. स्तनपान, योग्य आहार आणि निरोगी परिसर मिळाल्यास या सहाही देशांतील लहान मुले जवळपास सारखीच वाढतात, हा त्या अभ्यासाचा निष्कर्ष आपल्याकडे अजून पुरेसा रुजलेला नाही. ‘आमच्याकडची मुले मुळातच लहानखुरी’ असे म्हणून तक्त्यावर खाली घसरलेली रेषा सोडून देण्याची सवय मोडायला हवी, कारण त्या समजुतीआड उपाशीपणा आणि वारंवार होणारे आजार दोन्ही लपतात.

या प्रमाणकांनुसार ३ वर्षांच्या मुलग्याचे मध्यम वजन १४.३ किलो आणि मुलीचे १३.९ किलो असते, तर ५ वर्षांच्या वयात ते अनुक्रमे १८.३ आणि १८.२ किलो होते. मुलग्याची उंची याच काळात ९६ सेंटिमीटरवरून ११० सेंटिमीटरवर जाते. म्हणजे वर्षाला साधारण दोन किलो आणि सात सेंटिमीटर एवढीच भर पडते. पहिल्या वर्षात जन्मवजनाच्या तिप्पट होणाऱ्या बाळाच्या मानाने हा वेग फार मंद असल्याने भूकही तशीच मंदावते, आणि ‘काहीच खात नाही हो’ ही दवाखान्यात सर्रास ऐकू येणारी तक्रार बहुतेक वेळा यातूनच जन्मते. अशा वेळी टॉनिक लिहून देण्यापेक्षा आईला मुलाची तक्त्यावरची रेषा दाखवावी, ती आपल्या मार्गाने वर चालली आहे हे बोटाने समजावून सांगावे, आणि जेवणाआधी दिली जाणारी बिस्किटे, वेफर्स व दिवसभरातले जादा दूध यांची चौकशी करावी. तान्हेपणीचे पुढे आलेले पोट या वयात हळूहळू आत जाते, पाय लांब होतात आणि गुडघे आत वळलेले दिसले तरी तीन-चार वर्षांच्या मुलात ते बहुधा नैसर्गिक असून सातव्या वर्षापर्यंत सरळ होतात. मात्र एकाच पायाला बाक असेल किंवा मूल लंगडत असेल, तर थांबून चालत नाही.

मोजमापाचे काम साधे वाटते, तरी सर्वाधिक चुका तिथेच होतात. दोन वर्षांपर्यंत मुलाची लांबी झोपवून मोजतात आणि त्यानंतर उंची उभे करून. झोपवून घेतलेले माप सुमारे ०.७ सेंटिमीटरने जास्त भरत असल्यामुळे दोन्ही पद्धतींची सरमिसळ झाली की नोंद फसते. उंची घेताना पाय अनवाणी, टाचा, नितंब आणि खांदे पट्टीला टेकलेले, नजर समोर आणि मुलीची वेणी किंवा अंबाडा सोडलेला असावा. काटा दर वेळी शून्यावर आणावा, अंगावरचे जाड कपडे काढावेत आणि जन्मतारीख ‘गणपतीच्या आसपास’ अशी अंदाजे न घेता कागदावरून घ्यावी. तीन महिन्यांच्या अंतराने नीट घेतलेली दोन मापे एकट्या मापापेक्षा कितीतरी अधिक सांगतात, कारण खरी माहिती रेषेच्या दिशेत असते.

उंचीच्या मानाने वजन फार कमी असणे म्हणजे रोडपणा आणि वयाच्या मानाने उंची कमी असणे म्हणजे खुजेपणा; पहिला अलीकडच्या उपासमारीचा किंवा आजाराचा आणि दुसरा दीर्घकाळच्या वंचनेचा निदर्शक आहे. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलाचा दंडघेर, म्हणजे दंडाच्या मध्यावरचा घेर, ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते मूल अतितीव्र कुपोषित, म्हणजे सरकारी भाषेत ‘सॅम’, गणले जाते आणि त्याला उपचारांची तातडीने गरज असते. पालघर जिल्ह्यात वसईचा सधन, बागायती किनारा आहे, तसेच १९९२ साली वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे देशभर चर्चेत आलेला जव्हारचा डोंगराळ भागही आहे. वसई पट्ट्यातल्या बांधकामांवर आणि वीटभट्ट्यांवर कामाला येणारी कुटुंबे मुलांना सोबत आणतात, म्हणून दंडघेराची पट्टी जव्हार-मोखाड्यापुरतीच आहे असे सांडोर परिसरातल्या परिचारिकेनेही समजू नये.

विकासाची तपासणी मात्र काट्यावर होत नाही, ती पाहून आणि विचारून करावी लागते. तीन वर्षांचे मूल तीनचाकी सायकल चालवते, एकेक पाय टाकत जिना चढते, वर्तुळ पाहून तसे काढते आणि स्वतःचे नाव सांगते. चार वर्षांचे एका पायावर लंगडी घालते, जिना एकेक पाय टाकत उतरते आणि घडलेली गोष्ट सांगू लागते. पाच वर्षांचे त्रिकोण काढते, काही रंग ओळखते आणि बरेचसे कपडे स्वतः घालते. अर्थात महिना-दोन महिन्यांचा फरक येथे गौण आहे. चिंतेच्या खुणा वेगळ्या आहेत. तिसऱ्या वर्षी छोटी वाक्ये न बोलणे, चौथ्या वर्षी परक्याला बोलणे न समजणे, नजरेला नजर न देणे, हाकेला प्रतिसाद न देणे आणि कोणत्याही वयात आधी आलेले कौशल्य गमावणे, यांपैकी एक जरी दिसली तरी ‘शाळेत गेला की होईल’ हे उत्तर देऊ नये. बोलण्याची कोणतीही तक्रार असली, की आधी श्रवण तपासून घ्यावे.

वसईच्या गावांत भाषेची तपासणी विशेष जपून करावी लागते. अनेक घरांत वाडवळी किंवा कादोडी बोली बोलली जाते, अंगणवाडीत प्रमाण मराठी येते आणि खासगी नर्सरीत पहिल्याच दिवशी इंग्रजी. अशा मुलाने परिचारिकेच्या प्रमाण मराठी प्रश्नाला उत्तर दिले नाही म्हणून ते मागे पडले असे होत नाही. सर्व भाषांतील शब्द मिळून त्याची शब्दसंपत्ती मोजावी आणि शक्यतो घरच्या माणसाकडून घरच्या बोलीत प्रश्न विचारवून घ्यावा. तीन-चार वर्षांची मुले बोलताना अडखळतात तेही बहुधा विचारांचा वेग जिभेपेक्षा जास्त असल्यामुळे, आणि त्या वेळी ‘नीट बोल’ असे दरडावण्याने मूल बोलणेच टाळू लागते.

या वयाची सर्वांत मोलाची चाचणी खेळ ही आहे. अमेरिकी संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली मुलांच्या खेळातील सहभागाच्या पायऱ्या मांडल्या: एकट्याने खेळणे, नुसते पाहत राहणे, शेजारी बसून पण आपापले खेळणे, मग एकमेकांशी देवघेव करत खेळणे आणि शेवटी ठरवून मिळून खेळणे. भातुकलीत चार वर्षांची मुलगी दगडाला बटाटा मानते, आई होते, दुसरीला पाहुणी करते आणि रुसलेल्या पाहुणीची समजूत घालते, तेव्हा कल्पना, भाषा आणि दुसऱ्याच्या मनाची जाण या तिन्ही क्षमता एकाच वेळी परिचारिकेसमोर उलगडतात. दवाखान्याच्या बाकावर दहा मिनिटे मुलाला खेळू देऊन पाहणे हा वेळेचा अपव्यय नाही.

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्यां पियाजे यांनी २ ते ७ वर्षांच्या विचारपद्धतीला पूर्वक्रियात्मक अवस्था म्हटले, म्हणजे ज्या अवस्थेत मूल दिसण्यावरून निष्कर्ष काढते, निर्जीव वस्तूंना जीव आहे असे मानते आणि घडणाऱ्या गोष्टींचे कारण स्वतःत शोधते. आजार ही आपल्या खोडीची शिक्षा आहे असे त्याला मनापासून वाटू शकते. म्हणून ‘ऐकलं नाहीस तर सिस्टर सुई टोचतील’ ही घरोघरची धमकी परिचारिकेने आईवडिलांना आवर्जून थांबवायला सांगावी. रक्त काढल्यावर त्या भोकातून सगळे रक्त वाहून जाईल, ही या वयातील भीती खरी असते आणि छोटी चिकटपट्टी तिच्यावर चांगला इलाज ठरते. सुई टोचणार असेल, तर दुखणार नाही असे खोटे सांगू नये. थोडे दुखेल, लगेच थांबेल, कोणता हात द्यायचा ते तू सांग, असे बोलून मुलाच्या हाती काहीतरी सोपवावे, आधी बाहुलीला किंवा आपल्या हाताला स्टेथोस्कोप लावू द्यावा आणि आईला शेजारी राहू द्यावे. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली इंग्लंडमध्ये दोन वर्षांच्या मुलीच्या रुग्णालयातील दिवसांचे चित्रण करून आईपासून तुटलेल्या मुलाचे दुःख डॉक्टरांना दाखवले आणि १९५९ च्या प्लॅट अहवालाने तेथील रुग्णालयांना आईवडिलांसाठी दारे उघडण्याची शिफारस केली. रुग्णालयातून घरी गेल्यावर किंवा धाकटे भावंड आल्यावर मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले किंवा बोबडे बोलू लागले, तर ते तात्पुरते मागे जाणे आहे आणि त्यासाठी शिक्षा करू नये, हेही घरी पाठवतानाच सांगायला हवे.

या वयाच्या मुलाला जेथे आहे तेथे जाऊन पाहण्याची परंपरा याच जिल्ह्याची आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्याच वर्षी तेथे रुजू झाल्या आणि १९५७ पासून काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी त्याच्या अंगणात नेली पाहिजे, या विचारातून अंगणवाडी आली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, बिया आणि पाने वापरली गेली आणि मुलांच्या स्वच्छतेला शिक्षणाइतकेच स्थान मिळाले. वाढ आणि विकास यांची फारकत तेथे केलीच गेली नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिची केंद्रे अंगणवाडी याच नावाने देशभर गेली.

त्यानंतर ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभही पालघरमध्येच झाला. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब या चार गोष्टींसाठी जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारी ही व्यवस्था आहे. तिच्या फिरत्या पथकात डॉक्टरांसोबत परिचारिका असते, अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा पाहिली जातात आणि संशयित मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. उणीव एवढीच, की पथकाचा रस्ता अंगणवाड्या आणि शासकीय व अनुदानित शाळांवरून जातो. वसई-विरारच्या इमारतींमधील खासगी नर्सरी आणि पाळणाघरांत जाणारी मुले त्या रस्त्यावर येत नाहीत आणि पैसे मोजणाऱ्या पालकांच्या ते लक्षातही येत नाही.

खासगी रुग्णालयातील परिचारिका ही उणीव काही अंशी भरून काढू शकते. नर्सरीशी बोलून वर्षातून एक सकाळ वजन, उंची, दात, श्रवण आणि दृष्टी पाहण्यासाठी ठरवता येते आणि त्यासाठी वजनकाटा, उंचीपट्टी आणि चित्रांचा दृष्टितक्ता एवढे पुरते. दृष्टीची घाई सर्वांत अधिक आहे. एका डोळ्याने कमी दिसणारे मूल दुसऱ्याने भागवते, तक्रार करत नाही आणि मेंदू त्या कमकुवत डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. या आळशी डोळ्यावर चष्मा आणि चांगला डोळा काही काळ झाकणे हा उपचार सातव्या वर्षाच्या आत सर्वाधिक गुण देतो. म्हणून प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे झाकून तपासावा आणि एक डोळा झाकताच जे मूल चिडते, हात बाजूला सारते, त्याची चिठ्ठी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांच्या नावे लिहून पालकांच्या हाती द्यावी.