परदेशातील बांधवांनो, आयकराची नोटीस आता पोस्टमन आणत नाही

रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांत असा मोहल्ला क्वचितच सापडेल, जिथला कोणी कुवेत, दुबई, कतार किंवा सौदी अरबस्तानात रोजगाराला नाही. त्यांच्या कमाईवर येथे पक्की घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, आमच्यासारख्यांच्या दुकानांत भांडवल आले. पण या कष्टाच्या कमाईला एक धोका आहे आणि त्याकडे आपल्या समाजाचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. हा धोका कराचा नव्हे. कराच्या कागदाला वेळेवर उत्तर न देण्याचा आहे.

कुवेतमध्ये किंवा दुबईत पगारावर कर नाही. अनिवासी माणसाने परदेशात कमावलेल्या पगारावर भारतातही कर लागत नाही. त्यामुळे "आमचा आयकर खात्याशी संबंधच काय?" असे आपले बांधव विचारतात. संबंध असा की, माणूस परदेशात असला तरी त्याचे पॅन येथे आहे, बँकेचे खाते येथे आहे, फ्लॅट येथे आहे. तीस लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या मालमत्तेची खरेदी-विक्री झाली की निबंधक कार्यालय ती आयकर खात्याला कळवते. बँका मोठ्या ठेवी कळवतात. २०२१ पासून ही सारी माहिती प्रत्येकाच्या नावावर 'वार्षिक माहिती विवरण' म्हणून आयकराच्या पोर्टलवर जमा होते. आपण हिशोब ठेवला नाही तरी खाते ठेवते.

नोटीस येते कोठे?

पूर्वी नोटीस पोस्टाने गावच्या पत्त्यावर येई. वडील ती मास्तरांकडून किंवा वकिलाकडून वाचून घेत आणि मुलाला फोन करीत. आता बहुतेक नोटिसा ई-मेलवर आणि पोर्टलवरील आपल्या खात्यात येतात. तपासणीही चेहरा न पाहता, संगणकावरूनच होते. कागद तेथे ठेवला गेला की मुदत सुरू होते. तुम्ही तो उघडून पाहिला की नाही, यासाठी ती थांबत नाही.

इथेच आपली गाडी अडते. पॅन काढताना सायबर कॅफेवाल्याने स्वतःचाच ई-मेल टाकलेला असतो. विवरणपत्र भरणाऱ्या एजंटाने स्वतःचा मोबाईल नंबर दिलेला असतो. किंवा नंबर आपलाच, पण दोन वर्षांपूर्वी रिचार्ज न केल्याने बंद पडलेला. पोर्टलचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो. म्हणजे खात्याच्या दृष्टीने नोटीस मिळाली आणि आपल्या दृष्टीने ती आलीच नाही.

गप्प राहण्याची किंमत

समजा, कुवेतमधील एका फिटरने बारा वर्षांच्या बचतीतून पनवेलला ४५ लाखांचा फ्लॅट घेतला. पैसा पगाराचा, एनआरई खात्यातून आलेला, पूर्ण स्वच्छ. भारतात उत्पन्न नाही म्हणून त्याने विवरणपत्र भरलेले नाही. खात्याला एवढेच दिसते की या पॅनवर ४५ लाखांची खरेदी आहे आणि उत्पन्न शून्य आहे. खाते विचारते, "पैसा कोठून आणला?" पासपोर्टच्या प्रती, नोकरीचा करार, पगाराच्या पावत्या आणि एनआरई खात्याचा उतारा जोडून उत्तर दिले तर प्रकरण तेथेच मिटू शकते.

पण उत्तर गेलेच नाही तर अधिकारी एकतर्फी निर्णय देतो. संपूर्ण रक्कम 'स्रोत न सांगितलेली गुंतवणूक' ठरू शकते. १९६१ च्या आयकर कायद्याखाली अशा रकमेवर ६० टक्के कर आणि त्यावर अधिभार व उपकर आहे. वसुलीसाठी बँकेचे खाते गोठवता येते. ज्या माणसाला एक रुपयाही कर नव्हता, त्याच्यावर फ्लॅट विकण्याची पाळी येते.

हुंडीने पैसे पाठवणाऱ्यांनी येथे विशेष विचार करावा. तो व्यवहार कायद्याला मंजूर नाही, आणि त्याला कागद नसल्यामुळे प्रामाणिक कमाईसुद्धा सिद्ध करता येत नाही.

ध्यानात ठेवायच्या तारखा

कापडाच्या धंद्यात उधारीची तारीख चुकली की व्याज चढते, पेठेतली पत जाते. येथेही तसेच आहे.

भाडे, व्याज किंवा मालमत्ता-विक्रीचे उत्पन्न असेल तर विवरणपत्राची नेहमीची मुदत ३१ जुलै. सरकार कधी कधी ती वाढवते, पण त्या भरवशावर राहू नये. त्यानंतर ३१ डिसेंबरपर्यंत विलंब शुल्कासह भरता येते. विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते. आधारचा ओटीपी येणारे सिम बंद असेल तर नेट बँकिंगने करावी. सदोष विवरणपत्राच्या दुरुस्तीला १५ दिवस. कराची मागणी आली तर भरायला ३० दिवस, त्यानंतर दरमहा एक टक्का व्याज. निर्णयाविरुद्ध पहिल्या अपिलालाही ३० दिवसच.

जुने वर्ष गेले म्हणजे सुटलो, असे समजू नये. निर्धारण वर्ष संपल्यानंतर सव्वातीन वर्षांपर्यंत प्रकरण उघडता येते. लपलेले उत्पन्न ५० लाख किंवा अधिक असल्याचे दिसले तर सव्वापाच वर्षांपर्यंत. नव्या आयकर कायद्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे, तरी आधीच्या वर्षांचे प्रश्न जुन्याच कायद्याने सोडवले जातात. म्हणून जुनी कागदपत्रे रद्दीत घालू नका.

आणखी एक गैरसमज. बारा लाखांपर्यंत कर नाही ही बातमी सर्वांनी वाचली, पण ती सवलत निवासी व्यक्तीसाठी आहे, अनिवासीला नाही. तसेच अनिवासी माणूस फ्लॅट विकतो तेव्हा खरेदीदाराने नेहमीच्या एक टक्क्याऐवजी बराच जास्त कर कापायचा असतो. दीर्घ मुदतीच्या नफ्यासाठी तो दर १२.५ टक्के अधिक अधिभार व उपकर आहे. कमी कपातीचा दाखला हवा असेल तर विक्रीपूर्वीच अर्ज करावा.

जे तिकडे नोकर नसून दुकानदार आहेत, त्यांना तिकडच्याही तारखा आहेत. संयुक्त अरब अमिरातीत २०१८ पासून व्हॅट आहे. जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या हिशोबी वर्षांसाठी पावणेचार लाख दिरहमांवरील नफ्यावर ९ टक्के कंपनी कर आला. वेळेत नोंदणी न करणाऱ्याला १०,००० दिरहमांचा दंड आहे.

काय करावे?

पहिले, पोर्टलवर स्वतःचा ई-मेल आणि चालू नंबर नोंदवा. भारतीय सिम वेळोवेळी रिचार्ज करून जिवंत ठेवा.

दुसरे, पोर्टलवर आपला दर्जा 'अनिवासी' असा आहे की नाही ते पाहा. आधार न जोडल्यामुळे १ जुलै २०२३ पासून अनेक अनिवासींची पॅन निष्क्रिय झाली, कारण खात्याच्या नोंदीत ते निवासीच होते. अशा पॅनवर परतावा अडकतो आणि कर जास्त कापला जातो.

तिसरे, भरवशाच्या माणसाला मुखत्यारपत्र द्या. परदेशात असलेल्या व्यक्तीच्या वतीने तो विवरणपत्र सादर करू शकतो. मात्र मुखत्यारपत्र आयकराच्या कामापुरतेच असावे. घर-जमीन विकण्याचा अधिकार त्यात लिहू नये. भारतीय वकिलातीत केलेले मुखत्यारपत्र येथे पोहोचल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरून घ्यावा.

चौथे, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पोर्टल उघडून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे.

पाचवे, प्रत्येक कागद नोटीस नसतो आणि प्रत्येक नोटीस खरी नसते. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रावर 'डिन' हा क्रमांक असतो. तो पोर्टलवर तपासता येतो. व्हॉट्सअॅपवर कोणी धमकावून पैसे मागितले तर आधी तो क्रमांक मागा.

आमची उर्दू शाळांत शिकलेली पिढी इंग्रजी कागद पाहून बिचकते आणि तो कपाटात ठेवून देते. कपाटातला कागद मुदत थांबवत नाही. वाचता येत नसेल तर त्याच दिवशी सी.ए.ला दाखवावा. त्याची फी एकतर्फी निर्णयापेक्षा नेहमीच स्वस्त पडते.

परदेशातील भाऊ सुट्टीवर येतात तेव्हा महिना दावतींत आणि पाहुण्यांत निघून जातो. यंदा त्यातला अर्धा दिवस काढा. नंबर, ई-मेल, पासवर्ड, पॅनचा दर्जा आणि मुखत्यारपत्र ही पाच कामे उरकल्याशिवाय परतीचे विमान धरू नका.